सातव्या रांगेतली चौदा नंबरची खुर्ची

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालते. प्रत्यक्ष घालायचा तर माझी कंबर आता ऐकत नाही, आणि तुझे पाय इथून दोन दिवसांच्या प्रवासावर आहेत.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? वहिनीचा गुडघा? आई बरी आहे. तिला ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. तुझं चार पानी पत्र मिळालं. सात वर्षांत तुझी सगळी पत्रं मिळून एवढी लांब झाली नव्हती, म्हणून आधी मी घाबरलेच. मग कळलं की तुझी बदली परत इकडे झाली आहे, आपला फुटबॉल क्लब पुन्हा वरच्या गटात चढल्याचं तू पेपरात वाचलं आहेस, आणि नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून तुला तुझी खुर्ची परत हवी आहे. ‘माझी खुर्ची’ हे शब्द पत्रात अकरा वेळा आहेत. आईची चौकशी एकदा आहे.

खुर्ची तुझीच आहे. पासवर नाव तुझं आहे आणि फोटोही तुझाच आहे, मिशांसकट. (सात वर्षांत दारावरच्या माणसाने एकदाही शंका घेतली नाही. याचा मी काय अर्थ घ्यायचा ते कळत नाही.) तेव्हा वाद नाहीच. फक्त तिच्यावर येऊन बसण्याआधी तिची हालत काय आहे ते तुला सांगणं माझं कर्तव्य आहे, एवढ्याचसाठी हे पत्र.

पहिलं म्हणजे, तुझ्या वेळी छत गळत नव्हतं. आता गळतं, आणि नेमकं चौदा नंबरवर, डाव्या खांद्यावर. क्लबच्या ऑफिसात तक्रार केली तर ते म्हणाले, थोडं उजवीकडे सरकून बसा. उजवीकडे तेरा नंबरवर कुलूपवाला बसतो, आणि तो माणूस दीड खुर्चीचा आहे. तुझ्या पाठीला हे सोसणार नाही, दादा.

तू गेलास तेव्हाचं आठवतं ना? लागोपाठ तीन सामने खुर्ची रिकामी दिसली की पास रद्द, हा नियम तू मला स्टेशनवर समजावत होतास. गाडी सुटायला आली होती आणि वहिनी सामान मोजत होती. मध्यंतरात क्लबचा वहीवाला रांगेरांगेतून फिरतो आणि रिकाम्या खुर्चीपुढे फुली मारतो, हेही सांगितलंस. मी म्हटलं, दादा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यावर तू म्हणालास, “तुला काही समजायची गरज नाही. नुसतं जाऊन बसायचं. जागा गरम ठेव फक्त.”

ठेवली. पहिल्या वर्षी मी दुकानातलं काम घेऊन जायची. चष्म्यांचे बारीक स्क्रू, नाकावरच्या गाद्या, सगळं मांडीवर मांडून बसायची. एकदा कोणीतरी फार सुरेख गोल केला म्हणून मी मान वर करून मनापासून टाळ्या वाजवल्या. पूर्ण स्टँडमध्ये तेवढ्याच वाजल्या, कारण गोल समोरच्यांचा होता. मागच्या रांगेतल्या भूमितीच्या बाईंनी (शाळेतून निवृत्त झाल्या, पण स्टँडमधून नाही) माझ्या खांद्यावर बोट टेकवून विचारलं, “तू नक्की कोणाची गं?” मी म्हटलं, दादाची.

पंधरा नंबरवर टपालवाले काका होते. तीस वर्षं घरोघर पत्रं वाटून निवृत्त झालेले. त्यांना माझी दया आली असावी. सोमवारी दुकानात आले आणि काउंटरवर चष्म्याच्या अकरा डब्या मांडून त्यांनी मला ऑफसाइड समजावला. खिडकीजवळ एक गिऱ्हाईक ताटकळत होतं, तेही येऊन दोन डब्या सरकवून गेलं. त्या दिवसापासून माझं बिघडलं.

दुसऱ्या वर्षी मी ओरडायला लागले. तिसऱ्या वर्षी आपण खालच्या गटात घसरलो तेव्हा मी एवढी रडले की कुलूपवाल्याने मला स्वतःचा रुमाल दिला आणि त्याच्या किल्ल्यांच्या तेलाने माझा चेहरा काळा झाला. तशीच घरी आले. आईला वाटलं, कुठे आग लागली. चौथ्या वर्षी मोहरी रंगाच्या स्वेटरचं प्रकरण. तो घातला की आपण हरत नाही असं माझ्या लक्षात आलं (दोन सामने, दोन्ही बरोबरीत), म्हणून धुवायचा नाही असं ठरवलं. तिसऱ्या सामन्यात चार गोलांनी हरलो. तेव्हा रांगेने मतदान घेतलं आणि स्वेटर धुण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पाचव्या वर्षी मी क्लबशी बोलणंच सोडलं. म्हणजे जायची, पण तोंड फिरवून बसायची. क्लबला त्याचा पत्ता नव्हता.

आणि मग पंचाचं प्रकरण, ते तुला सांगितलंच पाहिजे. गेल्या हंगामात आपला एक धडधडीत गोल पंचाने नाकारला. मी खुर्चीवर उभी राहून त्याला आंधळा म्हटलं. आणखीही काही म्हटलं, ते आई हे पत्र वाचेल म्हणून लिहीत नाही. गुरुवारी दुकानात एक सभ्य गृहस्थ डोळे तपासायला आले. चेहरा ओळखीचा वाटेना, कारण शिट्टी नव्हती. खुर्चीत बसवलं, दिवा लावला, डोळ्यांत पाहिलं आणि ओळखलं. तोच! दादा, खोटं सांगत नाही, मी त्याला तीन तीनदा तपासलं. काहीतरी निघेल, अर्धा नंबर तरी निघेल, या आशेने तपासलं. त्याने शेवटची ओळ वाचली. मग तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं. म्हणाला, “सगळे आंधळा म्हणतात हो, शेवटी बायकोनेच पाठवलं. आणि ताई, सातव्या रांगेतून तुम्हीही म्हणालात. मोहरी रंगाचा स्वेटर होता.”

त्याने दृष्टी उत्तम असल्याचं लेखी मागितलं. आपला धंदा तो धंदा. दुकानाच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. पुढे महिन्याभराने तो परत आपल्या मैदानावर आला आणि आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली. आपल्या रांगेतून “डोळे तपासून घे” असा एकच गलका झाला. त्याने शांतपणे खिशातून कागद काढला, उलगडला आणि सातव्या रांगेकडे वर धरला. दुकानाचं मोठ्ठं चष्म्याचं चित्र सगळ्यांना स्वच्छ दिसलं. दिसणारच, रांगेतल्या प्रत्येकाचा चष्मा मीच केला आहे.

दोन सामने माझ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्याला टपालवाल्या काकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे, पोरीने आपलं भलंच केलंय. डोळे चांगले आहेत म्हणजे तो मुद्दाम करतो, हे आता कागदावर सिद्ध झालं.” भूमितीच्या बाईंना ही सिद्धता फार आवडली. मग सगळे बोलायला लागले.

काका आता नाहीत. हंगामाचे दोन सामने उरले असताना गेले. आपण वर चढलो ते त्यांना कळलंच नाही. रोज हजार डोळे बघते मी, पण वर चढलो त्या दिवशी मला मैदान नीट दिसलं नाही.

तू क्लबवर जीव टाकलास तेव्हा तो जिंकत होता, दादा. हरला की तू न्हाणीघरात कडी लावून बसायचास आणि आई दाराबाहेरून जेवायला हाका मारायची. मीही मध्ये दोन-तीन वर्षं तशीच वागले. आता हरलो तर वाईट वाटतं, पण घरी येऊन मी नीट जेवते, कारण पुढच्या शनिवारी परत सगळे भेटणार असतात. याला प्रेम कमी झालं म्हणतात की मुरलं म्हणतात, ते तूच ठरव. तू मोठा आहेस.

असो. खुर्ची ही अशी आहे. गळकी, अरुंद, अपमानाची. तब्येतीला जप. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत क्लबचा अर्ज जोडला आहे. तीन ठिकाणी पेन्सिलने खूण केली आहे, तिथे सही करून उलट टपाली पाठव. वरचा मजकूर वाचत बसू नकोस, छपाई बारीक आहे आणि तुझा नंबर नक्की वाढला असणार.

ता. क. २. वाचलास ना? माहीत होतं. हो, पास माझ्या नावावर करण्याचाच अर्ज आहे. दादा, आयुष्यात तुझ्याकडे मी काही मागितलं नाही. (सायकल मागितली होती, ती तू दिली नाहीस.) मला ही खुर्ची हवी आहे. गळते तशीच हवी आहे.

ता. क. ३. पंधरा नंबरचा पास काकूंकडे आहे. काका गेल्यावर तिथे बसायला कोणाचाच जीव झाला नाही, त्यामुळे वहीवाल्याच्या वहीत दोन फुल्या पडल्या आहेत. (त्याने डोळे पुसत मारल्या, पण मारल्या.) पहिल्या सामन्याला तिसरी पडली की काकांची जागा जाईल. काकूंना मी सांगून ठेवलं आहे की माझा भाऊ येतोय, त्याला या क्लबचं फारसं काही माहीत नाही, पण माणूस चांगला आहे. थर्मास त्या देणार आहेत. तुला काही समजायची गरज नाही. नुसतं येऊन बसायचं. जागा गरम ठेव फक्त.