घराखालच्या गाळ्याविषयी

मालमत्तेआधी एका कार्डाचा खरा खर्च लिहितो. चिक्कीचा फोटो, लॅमिनेशन, मागची चिकटपट्टी मिळून अकरा रुपये. पण ते समोरच्याच्या हातात दिलं की चिक्की मिळते, एवढं माझ्या नातीला, सृष्टीला, उमगायला सात महिने लागले. शिकवणाऱ्या उज्ज्वला बाईंचं मंचरहून एसटीने येणं-जाणं वेगळं. सृष्टी नऊ वर्षांची आहे. बोलत नाही.

मी, धर्माजी सोमाजी डावखर, वय ७२, मोटार रिवायंडिंगवाला (विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारा), राहणार आळे, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय लिहितो. मोडलंय ते खुब्याचं हाड, डोकं नव्हे. कानांचं तर विचारू नका. रस्त्यापलीकडच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय हे मी आवाजावरून सांगतो. धंदा उभा केला तो याच कानांवर. त्यांतून काही सुटत नाही.

१. फाट्यावरची दोन गुंठे जागा आणि सगळी मशिनं मुलगा मच्छिंद्र याला. धंदा तिकडे हलवावा.

२. घर आणि खालचा गाळा सृष्टीला. देखरेख सून मोहिनीची. गाळ्यात उज्ज्वला बाईंनी कार्डांचा वर्ग भरवावा, भाडं घेऊ नये. तिथे मोटार चालणार नाही.

मच्छिंद्र म्हणतो, "आण्णा, शेड टाकायला वरीस जाईल. तवर काय कार्डं खायची?" बाळा, दिवाळीपासून मी वर पडून आहे. खाली तू मोटारी टेस्टिंगला लावतोस, फरशी थरथरते. जिना गाळ्यातच उतरतो. मी खाटेवर, सृष्टी खाटेखाली कान दाबून. दोघांनाही जायला जागा नाही. मी हाका मारतो, त्या तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. घर माझ्या नावावर, किल्ली तुझ्या कमरेला. जिवंतपणी ऐकत नाहीस, म्हणून मेल्यावर सांगतोय.

३. शेजारच्या लंकाबाई पाच वर्षं विचारतात, "फोटू दाखवून मुकी बोलती व्हती व्हय?" त्यांना 'चहा'चं एक कार्ड द्यावं. ते त्यांनी आमच्या हातात दिल्याशिवाय आमच्या घरी त्यांना चहा मिळणार नाही.

मु. आळे, ९ फेब्रुवारी २०२५
सही: धर्माजी सोमाजी डावखर
समक्ष साक्षीदार: हौशीराम भुजबळ, पप्पू वाघ

सह्यांनंतर, साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर: 'बंद'चं कार्ड टीव्हीसाठी केलं होतं. दोन वर्षांपूर्वी सृष्टीने एकटीने जिना उतरून ते गाळ्यात माझ्या हातात दिलं. मोटार चालू होती, ती चालूच ठेवली. मी तिला चिक्की दिली.