केअर होममधलं मंत्रिमंडळ

लेस्टर, १२ मे

आदरणीय दादासाहेब काका,

सविनय जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंची साखर? (काकू गपचूप आंबा खातात, हे मला इथे बसूनही कळतं.) मी वकील व्हावं ही तुमची इच्छा मोडून इथे केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालतो, याचा राग अजून असेलच. तर कळवतो की मी थेट कायदामंत्री झालो आहे.

नेमणूक सात नंबर खोलीतल्या साहेबांनी केली. वय ब्याण्णव, डोळे जवळजवळ गेलेले. इंग्लंडातच शिकून बॅरिस्टर झाले, मायदेशी जाऊन इंग्रजांशी भांडले, बेट स्वतंत्र केलं, त्याची घटना लिहिली, पहिले पंतप्रधान झाले. (बेटाचं नाव सांगत नाही, मलाच ते नकाशात भिंग लावून सापडलं.) पुढे त्यांच्याच मंत्र्यांनी त्यांना विमानात बसवून दिलं, त्याला चाळीस वर्षं झाली. आता रोज नाश्त्याला मंत्रिमंडळ भरतं. स्वयंपाकीण नीना परराष्ट्रमंत्री. लापशी पातळ झाली की साहेब तिचा राजीनामा मागतात. शेवटी ठराव एकच: मला मरायला घरी येऊ द्या. तो मी लिहून घेतो आणि त्यांच्या सरकारला पोस्टाने पाठवतो. एकोणीस पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. मला त्या लोकांचा फार संताप येतो, काका.

परवा साहेबांचा वाढदिवस होता. आपल्या वस्तीतल्या जयंतीच्या सवयीने मी बेलग्रेव्ह रोडवरून, म्हणजे इथल्या आपल्या लोकांच्या बाजारातून, झेंडूचा हार आणला आणि त्यांच्या वकिली झग्यातल्या फोटोला घातला. (जिवंत माणसाच्या! हात सवयीने गेला.) साहेबांना वास आला. त्यांच्याकडे पूर्वी एक गुजराती कारकून होता, त्यामुळे आपले रिवाज त्यांना ठाऊक. चाचपडत फोटोपर्यंत गेले, हार हाताला लागला, आणि म्हणाले, "राकेश, मी कधी गेलो?"

मी हार काढून त्यांच्या गळ्यात घातला, तर विचारतात, "गर्दी किती होती?" मी म्हणालो, "लाखभर असेल, सर." खोलीत मी आणि नीना. साहेब म्हणाले, "मग त्यातल्या एकानेही पत्र कसं लिहिलं नाही?"

मोठ्यांना नमस्कार.

तुमचा,
राकेश

ता.क. तुम्ही पस्तीस वर्षं नागपूरच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप केलेत. त्याच मशीनवर बेटाच्या सरकारतर्फे एक पत्र करून पाठवा: साहेब, या, आम्ही वाट बघतोय. वाचून मीच दाखवणार, म्हणजे कोरा कागदही चालला असता. पण ते वकील आहेत, कागद बोटांनी तपासतात. अक्षरं खोल उमटू द्या. खोटा कागद तुम्ही आयुष्यात केला नाहीत, हे माहीत असून मागतोय.

आणखी ता.क. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. टपालाला दहा दिवस लागतात. तरी पाठवा. त्यांना शेवटचं नेताना त्यांच्याच कोटाच्या खिशात ठेवीन.