सारखा वाटा

२ मार्च

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि दादाने बळेच गळ्यात मारलेली छत्री, एवढा संसार घेऊन सकाळी इथे उतरले. बाई स्वतः स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. ज्यांच्या वर्गात आम्ही खोकायलाही घाबरायचो, त्या बाईंनी माझी बॅग उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून गुदगुल्याही झाल्या. इतक्या विद्यार्थ्यांतून त्यांनी बोलावलं ते मला!

प्रयोगशाळा लहानशीच आहे, दवाखान्याच्या मागच्या अंगाला. खाली काम, वर एकच खोली, ती माझी. बाईंनी स्वतःच्या हाताने पलंगावर चादर घातली होती, खिडकीत एक कुंडी ठेवली होती. फरशी अनवाणी पायांना छान कोमट लागते. आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, आता तिथेच मुळं धरू नकोस.

५ मार्च

काम हाताखालून गेलेलं आहे, फक्त माणसं नवी. दवाखान्यात एखाद्याच्या गाठीचा तुकडा काढला की तो आमच्याकडे येतो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की त्यातली प्रत्येक पेशी मरते, जिथल्या तिथे थांबते, फोटोतल्या माणसांसारखी. मग तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा. त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे पापुद्र्यासारखे काप काढून काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगायचं की हा कॅन्सर आहे की साधीच गाठ. अडलं तर ती काच पडद्यावरून दूरदूरच्या देशांतले तज्ज्ञ बघतात. त्यांना आम्ही नुसतं ‘पलीकडचे’ म्हणतो. एक पैसा घेत नाहीत.

श्रीमंताला त्याच्या शहरात जे निदान मिळतं तेच इथल्या हमालालाही मिळालं पाहिजे, हा बाईंचा ध्यास. सगळ्यांना सारखा वाटा, हे त्यांचं आवडतं वाक्य. आज चहा गाळतानाही तेच म्हणाल्या, आणि मेणकाकांनी लगेच आपला कप पुढे केला.

मेणकाका म्हणजे आमचे तंत्रज्ञ. ब्लॉक करणं आणि काप काढणं त्यांच्याकडे. बोलणं कमी, हात मात्र सोन्याचा. रोज सकाळी आल्या आल्या ब्लेड घेऊन मागच्या खोलीत जातात आणि कपाटातल्या जुन्या ब्लॉकवरचं मेण खरवडून सपाट करतात. उन्हाने फुगतं म्हणे. त्या खोलीला खिडकीच नाही हे माझ्या लक्षात आलं, पण पहिल्याच आठवड्यात चोंबडेपणा नको म्हणून गप्प बसले.

१६ मार्च

नव्या ॲप्रनचं माप दिलं. आमच्या मागच्या भिंतीला टेकूनच शिवणवाल्या मावशींचं दुकान आहे. त्यांचं मशीन दिवसभर भिंतीतून ऐकू येतं, त्याची आता सोबत वाटते. माप घेताना म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तुमच्या ॲप्रनचं कापड उरेल त्यात माझ्या नातीचा फ्रॉक होईल, जरा खात जा!” मी म्हटलं, फ्रॉक शिवाच, मला फक्त दाखवायला आणा.

मावशींच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ आहे. मागे बाईंनीच तिचा तुकडा तपासला होता. काही नाही, निर्धास्त राहा, असं सांगितलं होतं. मावशींना तेवढं पुरलं. फक्त रोज सकाळी आत कुणीतरी खरवडतंय असं वाटतं आणि खोकला येतो, म्हणाल्या. मी गरम पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. एवढं शिकून गुळण्याच सांगायच्या होत्या तर आईकडेच शिकले असते.

२ एप्रिल

हसू की रडू कळत नाही. केस विंचरताना जबड्याखाली हाताला गाठ लागली. इथे येण्याआधी नव्हती, मी शपथेवर सांगते. दवाखान्यातल्या सर्जनने लगेच तुकडा काढला, टाका घातला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मला बाईंनीच शिकवला. आपली किंवा आपल्या माणसाची काच आपण बघायची नाही. डोळ्यांत एकतर भीती उतरते नाहीतर आशा, आणि दोन्हींनी दिसायचं ते दिसत नाही. म्हणून मी माझा तुकडा बाईंच्या हाती दिला आणि खोलीबाहेर गेले. तुकड्याची कड कळावी म्हणून तिला शाई लावतात, आमच्याकडे नेहमी काळी. आज काळी संपली होती. मेणकाका म्हणाले, तुमच्यासाठी हिरवी बाटली फोडतो, कोरी करकरीत. मी म्हटलं, वा, मान आहे माझा! ते हसले नाहीत.

७ एप्रिल

काही नाही! बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं. काही नाही, निर्धास्त राहा. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडले. सख्ख्या आईसमोर इतकी रडले नसेन. घरी काही कळवलंच नव्हतं, आता कळवायची गरजही नाही.

टाक्यामुळे असेल, पण सकाळी घसा खरवडल्यासारखा होतो. गुळण्या करते आहे.

२४ एप्रिल

मावशींची गाठ आता लिंबाएवढी झाली आहे. आवाज बसला आहे. साधी गाठ इतक्या वेगाने वाढत नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, थायरॉइडचं आहे, मी लक्ष ठेवून आहे, तू तुझं काम कर. बोलणं गोडच होतं. पण पूर्वी मी शंका काढली की त्या ती काच काढून दोघींनी एकदम बघायच्या मायक्रोस्कोपखाली लावायच्या, एका बाजूला मी, समोर त्या. आज काच काढली नाही.

२७ एप्रिल

बाई दवाखान्यात मीटिंगला आणि मेणकाका जेवायला गेले असताना मागच्या खोलीत गेले. कपाटाला हात लावला तर कोमट. माझ्या फरशीसारखंच. तेव्हा वर बघितलं आणि लक्षात आलं की माझा पलंग बरोब्बर या कपाटाच्या डोक्यावर आहे.

मावशींचा ब्लॉक सापडला. सकाळीच खरवडलेला होता, तरी मेणाला तडा गेला होता आणि तड्यातून तुकडा वर आला होता. ओला, गुलाबी. मेलेला तुकडा फुगत नाही. मेणात तर नाहीच नाही. एक काप काढून बघितला. कॅन्सर तर होताच, ओरडून सांगणारा. पण मी बघत असताना एक पेशी दुभंगली. एकीच्या दोन झाल्या.

मी घाबरून चिमट्याने तो फुगवटा दाबला. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं, मावशी खोकल्या. चिमटा काढला, मशीन सुरू झालं. पुन्हा दाबला. पुन्हा थांबलं.

मी हे का लिहिते आहे? उद्या वाचून स्वतःलाच हसण्यासाठी लिहिते आहे.

२८ एप्रिल

हसू आलं नाही. सकाळी मेणकाका ब्लेड घेऊन मागे गेले. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. आधी भिंतीपलीकडे मावशी खोकल्या. थोड्या वेळाने माझा घसा खरवडला गेला.

३० एप्रिल

बाईंनी आज मला सुट्टी दिली, बाजारात जा, पाय मोकळे कर म्हणाल्या. निम्म्या वाटेत चष्मा विसरल्याचं आठवलं म्हणून परत आले. दार किलकिलं होतं. पडद्यावर पलीकडचे सगळे जमले होते आणि मध्ये एक काच होती, कडेला हिरवी रेघ असलेली.

इथे हिरवी शाई दुसऱ्या कुणालाही लागलेली नाही.

मी नियम मोडायला गेले नव्हते. पण तिकडे पाठ फिरवायच्या आत दिसलं. कॅन्सर होता, मला दुसऱ्या कुणाच्या मताची गरज नव्हती. पलीकडचे खुशीत होते. एकाने विचारलं, ही बाहेरून आलेली निरोगी बाई कपाटापासून किती अंतरावर झोपते? बाई म्हणाल्या, बरोबर वर. दुसऱ्याने विचारलं, तिला माहीत आहे का? बाई म्हणाल्या, ती स्वतःची काच कधीच बघणार नाही, मी शिकवलंय तिला.

मी, शहाणी, इतक्यांतून निवडलेली! निवडलेलीच होते. चादरसुद्धा स्वतःच्या हाताने घातली होती त्यांनी.

१ मे

सरळ विचारलं. नाकारलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, इथल्या एका माणसाचा तुकडा मेणात मेला नाही, तो पहिला. मग जवळ राहणाऱ्यांना गाठी होऊ लागल्या, त्यांचेही तुकडे मेले नाहीत. यातून उद्या जगाला औषध मिळेल. आजवर गरिबांच्या वाट्याला उष्टंच आलं, आता जग या गावाकडे डोळे लावून बसलंय. उपचार सुरू केले तर तुकडे मरतील, मग बघायचं काय? तू डॉक्टर आहेस, तुला तरी कळायला हवं.

मी म्हटलं, मावशींना तरी सांगा. तर म्हणाल्या, सांगितलं की त्या निर्धास्त राहणार नाहीत, आणि घाबरलेल्या शरीरात वाढ नीट होत नाही.

कुंपणच शेत खातं हे ऐकलं होतं. पण ज्या कुंपणाला मी आई मानलं, ते मलाच खाईल असं वाटलं नव्हतं. केसाने गळा कापला माझा.

२ मे

मावशींना सगळं सांगितलं. मोठ्या शहरात चला, मी सोबत येते, अजून वेळ आहे म्हटलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाल्या, बाईंनी माझ्या पोरीला नोकरीला लावलं, त्या कशाला खोटं बोलतील? तुमचं काहीतरी बिनसलंय. आणि समजूत घालावी म्हणून, भल्या मनाने, उठून थेट बाईंकडेच गेल्या.

आता बाईंना कळलं आहे की मी गप्प बसणार नाही.

३ मे, सकाळ

ठरलं. माझा ब्लॉक आणि मावशींचा ब्लॉक रुमालात बांधायचे, मिळेल ती बस पकडायची, मोठ्या दवाखान्याच्या टेबलावर दोन्ही ठेवायचे. तुकडे हातात असले की मावशींनाही विश्वास ठेवावाच लागेल. आईला फोन लावला, नुसतंच कशी आहेस विचारलं. ती म्हणाली, आवाज का बसलाय तुझा?

३ मे, दुपार

कपाटात दोन्ही जागा रिकाम्या.

बाई टेबलाशी होत्या. माझा ब्लॉक त्यांच्या तळहातावर. त्यांनी हळूच त्यावर अंगठा टेकवला आणि माझा श्वास अडकला. अंगठा उचलला, श्वास आला. वर जाऊन पड, म्हणाल्या. आवाजात माया होती. तीच, पूर्वीची.

मी वर आले. माझ्या पायांनी.

४ मे

मशीनचा आवाज नाही. सकाळपासून नाही. मावशींचं दुकान उघडं, नात दारात उभी, आत माणसं —

मेणकाका जिन्यात भेटले. मावशींचा ब्लॉक काल पूर्ण कापून झाला, असं खाली बघून म्हणाले. पलीकडच्यांना पाठवला. मी विचारलं, सगळा? ते म्हणाले, सगळा. बाईंचा हुकूम आहे, एकालाही कमी-जास्त नको.

खालचं दार बाहेरून लावलंय. खिडकीतून हाका मारल्या, आवाज उमटतच नाही —

४ मे, नंतर

बाई दाराबाहेरून बोलल्या. पलीकडचे सगळे माझा तुकडा मागताहेत. कुणाला नाही म्हणणार? प्रत्येक देशाला एक काप. श्रीमंत असो, गरीब असो. दुखणार नाही, म्हणाल्या. काही नाही. निर्धास्त —

दादा, ही वही तुझ्या हाती आली तर इथे उतरू नकोस. आईला आणू नकोस. मावशींच्या नातीला मात्र त्या भिंतीपासून दूर ने, लांब कुठेही, तिला अजून गाठ —

खाली खुर्ची सरकली. मेणकाका काप काढायच्या यंत्रापाशी बसले असणार. ब्लेड लावतात तेव्हा टक् असा आवाज येतो.

टक्.

हँडल फिरलं. खर्र. गळ्याखाली, बारीक, पापुद्र्याएवढं —

बाई मोजताहेत. मोठ्याने. सगळ्यांना सारखा —

खर्र

हात हलतोय अजून. लिहिते. दादा, मी काच बघितली होती, मी स्वतःच्या डोळ्यांनी, ती मा