दाजींची उजवी बाहुली

४ जाने. ६७
दाजी स्टुडिओत. अक्काचा नवरा, म्हणून उठून उभं राहायचं. म्हणे नामांकित वकील! कोर्टाबाहेर कुत्रं ओळखत नाही, फोटो मात्र हातभर हवा. माझ्या टेबलावर सिगरेट विझवली. "घारे डोळे झकास येऊ देत हं."

६ जाने.
निगेटिव्ह पाहिली. उजवी पापणी ओघळलेली, बाहुली डावीच्या निम्मी. पेंगलेली म्हैस! निगेटिव्ह चाकूनं खरवडली की फोटोत तिथं काळं उमटतं. दोन्ही बाहुल्या सारख्या केल्या, पापणीची कडही वर घेतली. सुभाष रोडवर माझ्याइतका हात कुणाचा नाही.

९ जाने.
दाजी अक्काला घेऊन आले, फोटो नेला. "रुबाब बघ!" रुबाब माझ्या चाकूचा. अक्का हळूच, "तम्मा, ह्यांची ती बाहुली अंधारातसुद्धा मोठी होत नाही रे."
"तेवढा तरी तोरा कमी झाला म्हण." मी हसलो. ती नाही.

२० जाने.
अक्कानं मला दाजींना हुबळीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. बसमध्ये कंडक्टरला कानडीत कायदा शिकवत होते. लाज आणली नुसती.
डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, दिवे घालवले, परत पाहिलं. "बाहुली बारीक, पापणी खाली. जन्मापासून असेल तर सोडून द्या. नवं असेल तर छाती बघायला हवी. डोळ्याची नस तिथनं वर येते, काहीतरी दाबत असेल. जुने फोटो आणा."
"ढीगभर आहेत!" दाजी ऐटीत.
सगळे मीच केलेले.

२१ जाने.
सात वर्षांपूर्वीची निगेटिव्ह शोधली. भिंग लावलं. तेव्हाही उजवी लहान असती, तर एकाच डोळ्यावर चाकूचा माग हवा.
दोन्हींवर आहे, पापण्यांच्या कडांवरही. डोळे पाणीदार दिसावेत म्हणून येईल त्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाहुल्या खरवडतो मी. कारागीर म्हणे! थू माझ्यावर.
अक्का, "म्हणजे ह्यांचा एकही खरा फोटो नाही?"
नाही.

२३ जाने.
सकाळी छातीचा एक्स-रे. दाजी बाहेर येऊन सिगरेट पेटवत, "याला पण जरा टच कर की!" बेशरम. काड्या मात्र तीन वाया घालवल्या.
दुपारी अक्का फिल्म घेऊन आली. "डॉक्टर उद्या बघणार. तुला निगेटिव्ह कळतात ना, सांग."
काचेवर लावली. उजव्या बाजूला, पार वर, पांढरट डाग. धुताना पाणी राहिलं की पडतात असे. पडतात.
"काय दिसतंय तम्मा?"
हात सवयीनं डाग भरायच्या पेन्सिलीकडं गेला होता.