गच्चीवरची पाच झाडं आणि खालचं घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त व्हॉल्व्हमन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. काल डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. तिसऱ्या वजाबाकीला ते चुकले, मी नाही. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने फोनवर आवाज चढवला होता, पण तो मी दबावात धरत नाही.

कलम १. माझी पत्नी हयात नाही. मला एकच मुलगा. चार वर्षांपूर्वी तो दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार थाटला. त्याची पहिली बायको, म्हणजे माझी सून, याच घरात माझ्याजवळ राहते. घटस्फोट गेल्या वर्षी झाला. कागदोपत्री ती आता माझी कोणी लागत नाही, आणि मुलाचं म्हणणं असं की माझ्यामागे तिने घर रिकामं करावं. हा कागद करण्याचं कारण तेच.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला द्यावी. तो माझा मुलगा आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे, हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडावर कधी बोलायला जमलं नाही. रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवायची माझी लोखंडी चावीही त्यालाच. लहानपणी ती उचलायला जायचा आणि तिच्यासकट आडवा व्हायचा.

कलम ३. माझ्या थोरल्या बहिणीला रबरी हातमोजे, नवे, न वापरलेले. गच्चीवरचं फूल तोडू नका, झाड विषारी आहे, असं बजावूनही तिने ते तोडलं आणि त्याच हाताने डोळा चोळला. डोळ्यातली बाहुली बटणाएवढी झाली. डोळा दोन दिवसांत पूर्ववत झाला, पण आपण आंधळी होणार आणि त्याला आपला भाऊ जबाबदार, हे तिने सगळ्या नात्यात पोचवलं. माझा राग अजून गेलेला नाही.

कलम ४. गच्चीवर पिंपांमध्ये ब्रुगमॅन्सियाची पाच झाडं आहेत. फुलं वीतभर लांब, तोंड खाली करून लोंबतात, म्हणून गल्लीत त्यांना भोंगे म्हणतात. ही झाडं सुनेची आहेत. मी ती देत नाही, मुळात तिचीच आहेत एवढं नोंदवतो. ते कसं, ते सांगितलं पाहिजे.

पहिली तीन झाडं मी आणली आणि मीच मारली. आमच्या कामाची रीत अशी, की ज्या गल्लीतून ओरडा येईल तिकडची चावी आधी फिरवायची. भर उन्हाळ्यात दुपारी पानं माना टाकायची. मला वाटलं, तक्रार आली. मी बादली ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माना खाली, मी दोन बादल्या ओतल्या. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, बुंधा मऊ झाला, आणि मी आणखी पाणी घातलं. सून तेव्हा घरात नवी होती. तिने मातीत बोट खुपसलं, हुंगलं आणि म्हणाली, “बाबा, मुळं कुजलीत. ह्यांना तहान नव्हती लागली, उन्हाने मलूल झाली होती. संध्याकाळपर्यंत थांबायचं. तोवर उठली नाहीत तर पाणी.”

मी म्हणालो, “चाळीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी पाजलंय मी.”

“गाव कुंडीत नव्हतं,” ती म्हणाली.

आठ दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. त्या दिवसांत तिने शेंड्याकडच्या धडक्या फांद्या कापून पाण्यात ठेवल्या, मुळं फुटल्यावर मातीत लावल्या. आजची पाचही झाडं त्यांतूनच झाली आहेत.

तिचं पाणी घालणं मी नऊ वर्षं पाहतो आहे. वाढीच्या दिवसांत रोज सकाळी, ऊन गच्चीवर यायच्या आत. आधी बोट दोन पेरं मातीत. वरची माती कोरडी लागली की घालायचं, पण एकदम नाही. सगळीकडून सावकाश, थांबून, मुरू देऊन, तळाच्या भोकांतून पाणी येईपर्यंत. खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. फार उकाडा असेल तर संध्याकाळी पुन्हा. माती ओली असून पानांनी माना टाकल्या असतील तर थेंबही नाही. थंडीत वाढ थांबली की अगदी बेताचं. मी आजवर इतक्या लोकांना पाणी सोडताना पाहिलं, पण घेणाऱ्याकडे इतकं नीट बघणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. मला तिचं फार कौतुक वाटतं. ऑपरेशन कसंही होवो, हे लिहून ठेवायचंच होतं.

कलम ५. घटस्फोटाचा कागद आला त्या दिवशी तिने बॅग भरली. मी म्हणालो, जाऊ नकोस. तिने विचारलं, “कुठल्या नात्याने राहू?” मी म्हणालो, “झाडांना पाणी कोण घालणार?” ती राहिली. एका माणसाला घरात ठेवून घ्यायला मी झाडं पुढे केली, ह्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून हे राहतं घर, गच्चीसह, माझ्या स्वकष्टार्जित कमाईतून घेतलेलं, मी तिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. झाडं जगवणं ही त्याची अट नाही. तिने ती सुकू दिली, विकली किंवा उपटून टाकली, तरी घर तिचंच. मुलाने हरकत घेऊ नये.

सहीपूर्वीची नोंद. दुसरे साक्षीदार यायला उशीर झाला, तेव्हा सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, “मी करते सही, द्या.” हा कागद करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, “ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही.” तिने पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, चष्मा लावा. सही ओळीवर येऊ दे.”

दुसरे साक्षीदार आले. चष्मा लावून सही करत आहे.

मृत्युपत्र करणारा: (सही) निवृत्त व्हॉल्व्हमन

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. (सही) तळमजल्यावरची शिवणकामवाली
२. (सही) कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला, उशिरा आलेला

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मे, दुपारी साडेबारा