पेडल दाबणारं माणूस

प्रिय मामा,

तुम्ही मागवलेले ब्रेक अखेर आपल्या गाडीला बसले. ही बातमी तुम्हाला दिल्याशिवाय चैन पडेना, म्हणून स्वयंपाक उरकून लिहायला बसले. साबणाने तीनदा धुतले तरी हाताला ब्रेक ऑईलचा वास येतोच आहे.

खोका तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी आला. आणणाऱ्याने तुमचं नाव विचारलं, आणि सही कुणी करायची म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मीच केली. दोन मोठ्या डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे दोन लाल कॅलिपर, नवे पॅड. ते सगळं गॅरेजच्या शेडमध्ये तुमच्या स्टुलावर ठेवलं आणि तीन महिने तिकडे फिरकले नाही.

काय हौस तुमची! सगळं नेवासं तुमच्याकडे जीप आणि टेम्पो दुरुस्तीला घेऊन यायचं, आणि तुम्ही साठीत ही छोटी, वाऱ्यासारखी पळणारी टर्बो गाडी घेतलीत. "म्हाताऱ्याला लई मस्ती आलीय," असं अख्खी आळी म्हणाली. पण इंजिनाला तुम्ही हात लावला नाहीत. "आधी थांबायचं बघू, मग पळायचं," म्हणालात. नणंदेच्या लग्नपत्रिकांचा खोका कापून पुठ्ठ्याचा साचा केलात आणि चाकात धरून पाहिलात, मोठा कॅलिपर रिमला घासतो का म्हणून. बोटभर जागा उरली तेव्हा तुमचा चेहरा काय खुलला होता!

आणि तो पहिला दिवस आठवतो का? माझ्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. एका गिऱ्हाइकाच्या जीपच्या ब्रेकमधली हवा काढायला कुणीतरी आत बसून पेडल दाबायला हवं होतं, आणि तुमचे चिरंजीव नेहमीप्रमाणे क्रिकेटला. तुम्ही दारात येऊन दोनदा खाकरलात. "पोरी, जरा पाय देतीस का?" आत आत्यांचं लाटणं थांबलं. नवी सून सासऱ्याबरोबर गॅरेजात, कुठल्या सासूला पटेल? मी साडी खोचून बसले. तुम्ही चाकापाशी उकिडवे बसून सांगत होतात, "दाब... दाब... आता धर. सोडू नको." त्या दिवसापासून मी तुमची झाले, तुमच्या मुलाची नंतर!

ब्रेकचं काम केलेली गाडी तुम्ही कधी तशीच गिऱ्हाइकाला दिली नाहीत. आधी शेजारी घरचं माणूस बसवून स्वतः चालवायचात. "आपलं मानूस बसवायची छाती नसंल, तर काम झालंच न्हाई." नऊ वर्षं ते माणूस मी होते. एवढा मान मला माहेरीही मिळाला नव्हता.

एक राग मात्र आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या जीपचे पॅड झिजलेत हे तुम्हाला शेडमध्ये बसून कळायचं. मग स्वतःच्या छातीत दुखतंय हे चार दिवस का लपवलंत हो?

तुमच्यामागे आत्यांनी धोशा लावला, ती गाडी विकून टाका. दारात नुसती उभी बघवत नाही म्हणाल्या. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मी म्हटलं, रविवारपर्यंत ब्रेक बसवते. गाडी नीट थांबली तर ठेवायची, नाहीतर विका.

शनिवारी एकटीने सगळं जोडलं. पण हवा काढायला पेडल कोण दाबणार? चिरंजीव नगरला ड्यूटीवर. शेवटी आत्यांनाच विनवलं. कुरकुरत का होईना, बसल्या. दाबा, धरा, सोडा. तासभर! हवा आतच, पेडल आपलं मऊच.

"आगं, हे तर लोन्यावानी आत जातंय," आत्या म्हणाल्या. मी पार्ट पाठवणाऱ्याला शिव्या घालत होते. मग त्याच म्हणाल्या, "ते म्हनायचे, हवा वर चढती. तिला वाट वरच पायजे. तुझी वाट कुठं हाय?"

मी वाकून पाहिलं. हवा काढायचं निप्पल दोन्हीकडे खाली, जमिनीकडे तोंड करून! डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता, उजवा डावीकडे. तुम्ही असता तर लांबूनच हसला असता. आणि आत्या? इतकी वर्षं स्वयंपाकघरातून तुमचा शब्द न् शब्द ऐकत होत्या, मामा!

सगळं उघडून पुन्हा बसवलं. यावेळी पेडल दगडासारखं झालं.

आज सकाळी तुमच्या नियमाप्रमाणे घरचं माणूस हवं होतं. आत्याच होत्या. साखर कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून सत्तरवर न्यायची, वीसवर आणायची, असं दहा वेळा. गाडी दर वेळी सरळ रेषेत, शहाण्यासारखी वेग सोडत होती.

परत येताना आत्यांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सांत मला एकदा बी म्हनले न्हाईत, चल, बस गाडीत."

मामा, हे चुकलंच तुमचं. आणि माझंही. ती सीट माझीच आहे असं मी धरून चालले होते, घरात अजून एक माणूस आहे हे आपल्या दोघांना कसं सुचलं नाही?

घरी आल्यावर त्यांनी स्वतः गिऱ्हाइकाला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

शेड मी पुन्हा उघडतेय. तुम्हाला शब्द देते, माझ्या हातचा एकही ब्रेक आत्यांना शेजारी बसवून पाहिल्याशिवाय कुणाला देणार नाही. आणि इंजिनालाही आता हात लावणार आहे. उतरताना आत्यांनीच विचारलं, "ही ह्याच्यापेक्षा जोरात न्हाई का पळत?"

तुमची, पेडलवरची सून,
शुभांगी