खैरबोडीच्या खड्ड्याचे वय व अर्जदाराचे लग्न

दिनांक : ११ जानेवारी २०१२

प्रति,
मा. पथकप्रमुख मॅडम,
प्राचीन विधिस्थळ पाहणी पथक,
तात्पुरते कार्यालय, भंडारा.

अर्जदार : जीवन मारोतराव साठवणे, सहसचिव, नवयुवक नाट्य मंडळ, मौजा खैरबोडी (आंधळगावजवळ), ता. मोहाडी, जि. भंडारा.

विषय : मौजा खैरबोडी येथील शाळेमागचा खड्डा व त्यामुळे अडलेले अर्जदाराचे लग्न याबाबत.

संदर्भ : १) सदर खड्ड्याशेजारी आपल्या पथकाने लावलेला फलक. २) अर्जदाराचा मागील अर्ज.

महोदया,

अर्जदार हात जोडून सादर करतो की,

१. धान निघाल्यावर आपले पथक शिवारातील शिळावर्तुळे पाहण्यास आले. आयर्लंड देशातील अशाच गोल विधिस्थळांवर आपण बरीच वर्षे यंत्रे फिरवल्याचे ग्रामपंचायतीत सांगितलेत. आयर्लंड नेमके कुठे, यावर गावात दुमत झाले. आपल्याबद्दलचा आदर मात्र एकमताने मंजूर झाला. जमिनीतले लोखंड ओळखणाऱ्या यंत्राची गडबड होऊ नये म्हणून आपण सर्वांचे पट्टे व चाव्या काढून घेतल्या. अर्जदाराने एका हाताने स्वतःची पॅन्ट व दुसऱ्या हाताने आपल्या पथकाची दोरी धरून दिवसभर शासनास सहकार्य केले.

२. परत जाताना आपली नजर शाळेमागील खोलगट जागेवर गेली. तिथूनच अर्जदाराचे फासे उलटे पडले. यंत्रे फिरली, नकाशा निघाला. त्यात घोड्याच्या नालेसारखा मोठा खळगा, तोंडाशी उंच ओटा, कडेने खांबांची भोके, ओट्यापुढे चौकोनी खड्डा व एका कोपऱ्यात भाजलेली माती दिसली. अहवालात ओट्यास पुरोहिताचे आसन, चौकोनी खड्ड्यास बळीची जागा व भाजलेल्या मातीस होमकुंड म्हटले आहे. वय अंदाजे तीन हजार वर्षे.

३. वस्तुस्थिती अशी की, ही आमच्या मंडळाच्या नाटकाची जागा आहे. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावे म्हणून झाडीपट्टीत जमीन उतरती खोदतात व त्याच मातीचा स्टेज करतात. चौकोनी खड्ड्यात पेटी-तबलावाले बसतात. होमकुंड ही मालनबाईंची भज्यांची चूल आहे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली हा खड्डा गावाने खोदला. म्हणजे खड्डा व गोंदिया जिल्हा एकाच वयाचे आहेत, आणि गोंदियाला अद्याप कोणी प्राचीन म्हटलेले नाही.

४. हे सर्व अर्जदाराने आपणांस तिथेच सांगितले होते. परंतु त्याच वेळी मंडळाचे अध्यक्ष भय्याजी आले, त्यांनी चपला काढल्या, ओट्याला हात लावून कपाळाला लावला. प्रत्येक नटाने स्टेजच्या पाया पडावे, ही आमची रीत. अहवालात नोंद झाली की, 'स्थानिक लोक आजही स्थळास वंदन करतात. तरुणांना मात्र महत्त्व ठाऊक नाही, ते येथे नाटक होते असे सांगतात.' तो तरुण म्हणजे अर्जदार.

५. फलक लागला : खोदणे, मंडप टाकणे व बसणे मनाई. अर्जदार साक्षीदार गोळा करायला निघाला, तर गावच फिरले. ज्यांनी पहिले फावडे मारले ते भय्याजी म्हणाले, "मी खोदलो, हे खरं हाय बाप्पा. पण तिथंच काहून खोदलो? कोनी तरी आतून सांगतलं असन ना!" दरवर्षी नाटकाला पुढे बसणाऱ्या पार्वताबाई गालावर चापट्या मारून घेत म्हणाल्या, "इतके साल तिथं बसून भजे खाल्ले रे, आता कुठं फेडू हे पाप?" त्या आता रोज सकाळी खड्ड्याला प्रदक्षिणा घालतात. मालनबाईंनी आपल्याच चुलीला हळदकुंकू वाहिले आहे. खोदून पाहिल्यास सोड्याच्या बाटल्यांची बुचे निघतील. पण खड्डा प्राचीन असल्याने खोदता येत नाही, आणि खोदता येत नसल्याने तो प्राचीन आहे.

६. आता मूळ दुखणे. आमच्या भागात पाहुणे नाटकाला येतात आणि सोयरिकी त्याच दिवशी जुळतात. जवाहरनगरचे श्री. तेजराम बांते फॅक्टरीतून सुट्टी काढून, कन्या खुशबू हिच्यासह नाटकाच्या दिवशी येणार होते. मुलीची पसंती आहे, अर्जदाराची तर आहेच. नाटक नाही तर पाहुणे नाहीत. गोंदिया जिल्ह्यातला एक मुलगा तयारच बसला आहे. त्याच्या गावात सुदैवाने काहीही प्राचीन सापडलेले नाही.

७. म्हणून खड्डा प्राचीन नाही, फलक काढावा, असा मागील अर्ज अर्जदाराने केला. तो अंगाशी आला. परवा खुशबूचा फोन आला. "तुमाले अर्ज कराले कोन सांगतलं होतं जी? बाबा म्हणून राहिले, जो पोरगा देवाच्या जागेवर कागद टाकते, तो उद्या सासऱ्यावरही टाकन." अर्जदाराने विचारले, मग काय करू? ती म्हणाली, "मी थांबीन. पण आमचे बाबा नाही थांबत." आणि फोन ठेवला. अर्जदार लगेच हा अर्ज लिहायला बसला.

८. सबब विनंती की,

(अ) मागील अर्ज रद्द समजावा. अर्जदाराने स्वतःच्या घमेल्याने माती वाहिलेला हा खड्डा तीन हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे अर्जदार मान्य करतो. आपणांस अधिक जुना हवा असल्यास तसेही मान्य करील.

(ब) येथे लोक जमून विधी करीत, असे आपलाच अहवाल म्हणतो. तो विधी मोडू नये. यंदा तो संक्रांतीनंतरच्या शनिवारी असून पुरोहित नाटक कंपन्यांच्या वडसा येथून मेकअपच्या पेट्यांसह येतील. बळीच्या जागी पेटी-तबला बसेल. त्यास लेखी परवानगी मिळावी व एक प्रत श्री. बांते यांना थेट जावी, कारण अर्जदाराच्या कागदावर त्यांचा आता विश्वास नाही.

(क) मागील अर्जास खड्डा खोदतानाचा एक फोटो जोडला होता, तो परत मिळावा. अहवालासाठी ठेवायचाच झाल्यास, त्यातील अर्धी चड्डी घातलेला, घमेले घेऊन हसणारा मुलगा हा तीन हजार वर्षांपूर्वीचा रहिवासी समजावा. अर्जदार त्यास ओळखत नाही.

आपला नम्र व नाइलाजाने श्रद्धाळू,
(सही)
जीवन मारोतराव साठवणे

सोबत : खड्डा प्राचीन असल्याचे अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र, भय्याजी व पार्वताबाई यांच्या साक्षीसह.